एसएनके, केओएफ आणि कोल्हापूरची मंडळी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी संध्याकाळी राजारामपुरीतल्या एका गाळ्यात आमची मंडळी जमतात. शटर अर्धं वर, आत जुन्या व्हिडिओ गेम पार्लरमधली दोन मशीन, एक डबडा टीव्ही. रस्त्यानं जाणारा कुणी ना कुणी डोकावतो, "आयला, हे अजून हाय?" म्हणत आत येतो आणि मग एसएनके कंपनी आणि तिचा मारामारीचा गेम ‘द किंग ऑफ फायटर्स’ (थोडक्यात केओएफ) यांच्याबद्दल तेच ते प्रश्न सुरू होतात. खेळता खेळता उत्तरं देण्यात हातातले डाव जातात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलं.

एसएनके म्हणजे नक्की कोण?

जपानमधल्या ओसाकाची कंपनी. एइकिची कावासाकी यांनी १९७८ साली ती ‘शिन निहोन किकाकू’ या नावानं काढली, त्याची आद्याक्षरं म्हणजे एसएनके. सुरुवात चारचौघांसारखीच, अवकाशातल्या गोळीबाराच्या गेमनी: १९७९ चा ‘ओझ्मा वॉर्स’, १९८१ चा ‘व्हॅनगार्ड’. १९८६ च्या ‘इकारी वॉरियर्स’नं नाव केलं. त्यात हँडल ढकलायचं तर होतंच, शिवाय ते जागच्या जागी गोल फिरवून बंदुकीचं तोंड वळवायचं होतं. त्यातले दोन सैनिक म्हणजे राल्फ आणि क्लार्क. ओळखलंत ना?

लहानपणी आम्ही ‘मुस्तफा’ खेळायचो. तो एसएनकेचाच ना?

नाही. ‘मुस्तफा’ म्हणजे ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, तो १९९३ चा कॅपकॉम या दुसऱ्या कंपनीचा गेम. पार्लरमध्ये शेजारी शेजारी मशीन असायची म्हणून डोक्यात सरमिसळ झाली आहे. ‘टेकन’ही नव्हे, तो नामकोचा. इओरी, क्यो, टेरी, माई, साखळीला बांधलेला लोखंडी गोळा फिरवणारा जाडा चँग, आणि ‘मेटल स्लग’मधला रणगाडा हे सगळं एसएनकेचं.

‘निओ जिओ’ म्हणजे गेमचं नाव की मशीनचं?

यंत्रणेचं. मशीन सुरू झालं की पहिल्यांदा झळकायचं ते हेच नाव, म्हणून बऱ्याच जणांना तो गेमच वाटतो.

पार्लरवाल्याच्या बाजूनं बघितलं की याचं महत्त्व कळतं. एरवी एका मशीनमध्ये एक बोर्ड आणि त्या बोर्डावर एक गेम, असा मामला असायचा. गेम शिळा झाला, पोरं येईनाशी झाली, की अख्खा बोर्ड बदलायचा. १९९० साली एसएनकेनं निओ जिओ काढलं, त्यात मुख्य बोर्ड कायम आणि गेम कॅसेटवर. जुनी कॅसेट उपसायची, नवी बसवायची, शटर उघडायचं. काही बोर्डांवर दोन, काहींवर चार, तर मोठ्यावर सहा कॅसेटी एकदम बसायच्या आणि खेळणारा बटण दाबून पाहिजे तो गेम निवडायचा. जागा एका मशीनची आणि गल्ला सहा गेमचा!

याच यंत्रणेचं घरगुती रूपही निघालं. आतले चिप तेच, चित्र तेच, आवाज तोच. पण अमेरिकेत किंमत ६५० डॉलर आणि एकेक कॅसेट २०० डॉलरच्या घरात. म्हणून ते श्रीमंतांचं खेळणंच राहिलं.

आणि ही यंत्रणा टिकली किती बघा. आत मोटोरोलाचा ६८००० प्रोसेसर, १२ मेगाहर्ट्झचा, आवाजासाठी झेड-८०. एवढ्या भांडवलावर १९९० पासून २००४ पर्यंत नवे गेम येत राहिले. शेवटचा अधिकृत गेम ‘समुराई शोडाउन ५ स्पेशल’. चौदा वर्षं एकाच यंत्रावर. त्या काळात सोनीची दोन प्लेस्टेशन येऊन जुनी झाली.

एसएनकेनं ‘स्ट्रीट फायटर’ची नक्कल केली असं म्हणतात. खरं का?

हे म्हणणाऱ्यांना आम्ही आधी बसायला खुर्ची देतो, कारण उत्तर जरा लांबतं.

१९८७ चा पहिला ‘स्ट्रीट फायटर’ कॅपकॉममध्ये बनवला ताकाशी निशियामा आणि हिरोशी मात्सुमोतो यांनी. त्यानंतर दोघेही कॅपकॉम सोडून एसएनकेत आले. १९९१ ला ‘स्ट्रीट फायटर २’ आला आणि जगभर धुमाकूळ घातला, पण तो कॅपकॉममध्ये मागे राहिलेल्या दुसऱ्या मंडळींनी केलेला. त्याच वर्षी निशियामांनी एसएनकेत ‘फेटल फ्युरी’ काढला. टेरी बोगार्ड तिथून आला. म्हणजे नक्कल कुठली, एका घरातून निघालेल्या दोन वाटण्या आहेत त्या.

पुढं दोन्ही बाजूंनी चिमटे काढणं सुरू झालं. एसएनकेच्या १९९२ च्या ‘आर्ट ऑफ फायटिंग’मध्ये नारिंगी पोशाखातला कराटेपटू र्‍यो साकाझाकी आला, तो कॅपकॉमच्या र्‍यूच्या फारच जवळ जाणारा. कॅपकॉमनं उत्तर म्हणून डॅन नावाचं पात्र काढलं: गुलाबी कपडे, अंगात जोर नाही आणि पॉवर, म्हणजे खास फटका, मारली तर दोन पावलांवर विझते. अशी टर उडवायला खुन्नस लागते आणि प्रेमही लागतं. २००० साली दोघांनी ‘कॅपकॉम व्हर्सेस एसएनके’ काढून अधिकृतपणे हात मिळवले. आता तर टेरी आणि माई दोघंही ‘स्ट्रीट फायटर ६’मध्ये आहेत.

केओएफमध्ये एवढी सगळी पात्रं आली कुठून?

‘द किंग ऑफ फायटर्स ९४’ हा एसएनकेच्या आधीच्या गेममधल्या लोकांचा मेळावा होता. ‘फेटल फ्युरी’मधून टेरी, अँडी, जो आणि माई. ‘आर्ट ऑफ फायटिंग’मधून र्‍यो, रॉबर्ट, युरी आणि किंग. ‘इकारी’तून राल्फ-क्लार्क. अथेना १९८७ च्या ‘सायको सोल्जर’मधून, १९८६ च्या ‘अथेना’ गेममधल्या राजकन्येची ती वंशज. क्यो कुसानागी नवा. इओरी ९५ ला आला आणि आल्या आल्या अर्धी गर्दी त्यानं क्योकडून पळवली.

पण खरी करामत तिघांच्या संघाची. कोल्हापूरकराला हे समजावून सांगावं लागत नाही, तालमीकडून तिघं उतरवायचे म्हटलं की पहिला कोण आणि शेवटी राखून कोणाला ठेवायचं, यावर इथं रात्रभर वाद होतात. केओएफमध्ये जिंकलेला गडी तसाच पुढच्याला भिडतो, त्याला थोडीशीच ताकद परत मिळते. म्हणून पहिला गडी भरवशाचा हवा, आणि शेवटचा असा हवा की समोर तिघं उभे असले तरी ज्याचा हात थरथरत नाही. जुन्या भागांत तर संघातले बाकीचे दोघे मागे उभे दिसायचे आणि आपला गडी चक्कर येऊन डुलायला लागला की मध्ये पडून सोडवायचे.

९४ ला संघ ठरलेले होते. मनाप्रमाणे तिघं निवडायची सोय ९५ पासून आली. धावणं, छोटी उडी आणि लोळण ९६ ला आली, आणि केओएफचा आजचा वेग तिथून सुरू झाला.

केओएफ ९७ भारी की ९८?

या एका प्रश्नावर आमच्यातले दोन जण महिनाभर बोलत नव्हते. तरी सांगतो.

९७ मध्ये ओरोची या राक्षसी शक्तीच्या कथेचा शेवट आहे. ९५ पासून चाललेली क्यो आणि इओरीची खानदानी दुश्मनी, दोघांच्या घराण्यांकडे असलेल्या पवित्र वस्तू, तिसरी वस्तू सांभाळणारी चिझुरू, आणि शेवटी तिघांनी मिळून ओरोचीला परत बंद करणं. पार्लरमध्ये जपानी कुणाला वाचता येत होतं? तरी इओरीच्या अंगात ओरोचीचं रक्त उसळतं आणि तो गुरासारखा वाकून चालायला लागतो, हे बघून सगळ्यांना गोष्ट कळली होती. शिवाय ९७ ला दोन पद्धती आल्या: ‘ॲडव्हान्स्ड’ आणि ‘एक्स्ट्रा’. एक्स्ट्रात ए-बी-सी ही तीन बटणं दाबून धरून पॉवर भरायची. ती भरत उभा राहिलेल्याला समोरचा पळत येऊन हाणायचा, आणि मागची गर्दी हसायची.

पण खेळ म्हणून ९७ लंगडा आहे. चिझुरू आणि दायमोन यांच्यापुढं निम्मी पात्रं पाणी भरतात. ९८ ला एसएनकेनं कथा बाजूला ठेवली, मेलेला खलनायक रुगालसुद्धा परत आणला आणि सगळं लक्ष तोलावर दिलं. आमच्या मते केओएफमधला सगळ्यात नीट बसलेला भाग ९८ च. गाळ्यात स्पर्धा ९८ वरच होते. मात्र स्पर्धा संपली, चहा आला, की कुणीतरी न विचारता ९७ लावतो, आणि त्याला कुणी नको म्हणत नाही.

आमच्या पार्लरमध्ये ‘केओएफ २००२’ या भागात पॉवर संपायचीच नाही. तसा भाग आता कुठं मिळेल?

ती ‘मॅजिक प्लस’ नावाची चोरटी आवृत्ती. मूळ २००२ मध्ये कुणीतरी फेरफार करून बोर्ड विकले होते. एसएनकेनं तसा भाग कधी काढलाच नाही. गंमत म्हणून ठीक, पण त्यावर शिकलेला हात खऱ्या गेमवर उघडा पडतो.

इओरीची ती धावत जाऊन ओरबाडण्याची पॉवर माझ्याकडून निघत नाही.

खाली, तिरकं, पुढे असा पाव गोल. तिथून हँडल मध्यावर न सोडता त्याच वाटेनं उलटं, खालून मागेपर्यंत अर्धा गोल. हँडल मागे टेकतंय तेवढ्यात पंच. पॉवरचा एक तरी साठा हवा.

निघत नाही त्याची कारणं बहुतेक वेळा दोनच. एक, घाईत पुढचा तिरका कोपरा राहून जातो आणि नुसतीच जांभळी आग जमिनीवरून निघते. दुसरं, हँडल वरून मुठीत आवळलं जातं. दांडा दोन बोटांच्या बेचक्यात सैल धरा, मनगट फिरू द्या, खांदा नको. आधी पंच न दाबता नुसतं हँडल फिरवून बघा: खटखट आवाज एकसारखा यायला पाहिजे. मध्ये ठेच लागली तर कोपरा चुकतोय.

आणि चँगचा गोळा फिरवायला पंचचं बटण बडवत बसणाऱ्यांना विनंती, बटणं आम्ही स्वतःच्या पैशानं बदलतो.

‘मेटल स्लग’ कुणी बनवला?

नाझ्का नावाच्या छोट्या कंपनीनं, १९९६ साली. इरेम कंपनीतून बाहेर पडलेल्या लोकांनी ती काढलेली, आणि पुढं एसएनकेनंच ती घेतली. पहिल्या भागात मार्को आणि टार्मा हे दोघंच, एरी आणि फिओ या १९९८ च्या दुसऱ्या भागात आल्या. दुसरा भाग गर्दी झाली की रखडायचा, म्हणून १९९९ ला ‘मेटल स्लग एक्स’ काढला. सैनिक निवांत बसून जेवताना दिसतात, आपल्याला बघून दचकतात, किंकाळी फोडून पळतात. एवढं बारीक काम हातानं रंगवलेलं आहे. नवख्याला आम्ही आधी यावरच बसवतो.

कंपनी बुडाली होती ना?

बुडाली होती. आणि एका फटक्यात नाही.

१९९४ ला कॅसेटी महाग म्हणून ‘निओ जिओ सीडी’ काढलं. सीडी स्वस्त, पण यंत्र ती इतकी सावकाश वाचायचं की दोन लढतींच्या मध्ये चहा घेऊन यावं. १९९७ ला थ्रीडीच्या लाटेत ‘हायपर निओ जिओ ६४’ आलं, ते पडलं. हातातलं ‘निओ जिओ पॉकेट’ १९९८ ला आणि रंगीत १९९९ ला आलं. त्याचं टिकटिक वाजणारं छोटं हँडल आजही लोक शोधतात, पण समोर निन्टेंडोचा गेम बॉय होता. पार्लरचा धंदाही ओसरत चालला होता. २००० साली आरुझ या कंपनीनं एसएनके विकत घेतली, तिचा जीव जुगारी यंत्रांत जास्त होता. २००१ च्या ऑक्टोबरमध्ये एसएनके दिवाळखोर जाहीर झाली.

कावासाकींनी त्याच वर्षी ‘प्लेमोर’ नावाची दुसरी कंपनी उभी केली होती. जुन्या गेमचे हक्क तिनं मिळवले आणि २००३ ला ‘एसएनके प्लेमोर’ असं नाव घेतलं. मधल्या वाईट काळात केओएफ २००१ बनवायला कोरियाची इओलिथ कंपनी पुढं आली. त्या भागाला नावं ठेवणारे खूप आहेत. आम्हाला वाटतं, तो आला नसता तर मालिकाच थांबली असती.

यात एक गोष्ट आम्हाला फार लागते. जपानमध्ये कंपनी खाली येत होती तेव्हा मेक्सिको, ब्राझील, चीन, पाकिस्तान आणि आपल्याकडच्या पार्लरमध्ये केओएफसमोर रांगा होत्या. त्यातले किती बोर्ड नकली होते हे उघड गुपित आहे. आम्ही आजवर उघडलेल्या जुन्या मशीनमध्ये नकलीच जास्त सापडले. म्हणजे आपण टाकलेल्या नाण्यांतला छदामही ओसाकाला पोचला नाही. पण क्यो-इओरी हे नाव जिवंत राहिलं ते याच फुकट्या गर्दीमुळं. पुढं कंपनीला ते उमगलं असावं: २०१६ च्या केओएफ १४ मध्ये मेक्सिकोचा स्वतंत्र संघच आहे. पोरं तयार झाली तीही याच पार्लरांतून. केओएफवर नाव कमावलेल्या चीनच्या शाओहायनं २०२४ ला सौदीतल्या ईस्पोर्ट्स वर्ल्ड कपमध्ये ‘स्ट्रीट फायटर ६’ची स्पर्धा मारली. भारताचा संघ मात्र केओएफमध्ये अजून नाही, ही तक्रार नोंदवून ठेवतो.

मग आता मालक कोण?

२०१५ ला चिनी गुंतवणूकदारांनी ८१.२५ टक्के हिस्सा सुमारे ६ कोटी ३५ लाख डॉलरला घेतला. २०१६ ला ‘प्लेमोर’ शब्द काढून नाव पुन्हा नुसतं एसएनके झालं. नंतर सौदी अरेबियाचे युवराज मोहम्मद बिन सलमान यांच्या मिस्क फाउंडेशननं आपल्या कंपनीमार्फत हिस्सा वाढवत नेला आणि २०२२ पर्यंत तो ९६ टक्क्यांवर गेला.

यावर गाळ्यात दोन तट आहेत. काहींना हा पैसा खटकतो, काही म्हणतात निदान नवे गेम तरी येतायत. मी पहिल्या गटातला, आणि तरी नवा गेम पहिल्याच दिवशी घेतला.

रोनाल्डो खरंच ‘फेटल फ्युरी’त आहे?

आहे, थट्टा नाही. एप्रिल २०२५ ला ‘फेटल फ्युरी: सिटी ऑफ द वुल्व्ज’ आला, म्हणजे १९९९ च्या ‘मार्क ऑफ द वुल्व्ज’नंतर २६ वर्षांनी. त्यात क्रिस्तियानो रोनाल्डो लढतो, फुटबॉल मारून. तो सौदीतल्या क्लबकडून खेळतो आणि कंपनीही सौदीची, तेव्हा गणित सोपं आहे. पेठेतली फुटबॉलवेडी पोरं त्याच्यासाठी म्हणून गाळ्यात आली हे खरं. मेस्सीवाल्यांनी त्याला नुसतं हरवण्यासाठी टेरी शिकून घेतला, हेही खरं. गेम चांगला आहे. रोनाल्डो नसता तरी असता.

माळ्यावर जुना बोर्ड सापडलाय. लावून बघू का?

थांबा, वीज देऊ नका. आधी झाकण काढून बॅटरी बघा.

बहुतेक निओ जिओ बोर्डांवर ३.६ व्होल्टची पिंपासारखी छोटी निकेल-कॅडमियम बॅटरी असते. तीस वर्षांत ती गळते आणि त्या रसानं आजूबाजूच्या तांब्याच्या रेषा खाल्ल्या जातात. हिरवट-पांढरी बुरशी दिसली तर बॅटरी कापून काढा, पांढऱ्या व्हिनेगरनं हलक्या ब्रशनं पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. वाळू द्या. त्या जागी नाणं-बॅटरी बसवायची असेल तर मध्ये डायोड पाहिजेच, नाहीतर बोर्ड तिला चार्ज करायला बघतो आणि ती फुगते. जुन्या मशीनच्या पिक्चर ट्यूबला तर माहीतगार माणसाशिवाय हात लावू नका, बंद असतानाही ती जबरदस्त झटका देते.

२०१९ च्या महापुरात आमच्यातल्या एकाच्या शाहूपुरीतल्या तळमजल्यावर पाणी शिरलं. पाणी उतरल्यावर मशीन उघडलं तर प्लायवूड पापडासारखं फुगलेलं, पेटीत चिखल आणि त्या चिखलात रुपयाची जुनी नाणी चिकटून बसलेली. बोर्ड वर पत्र्याच्या ट्रंकेत होता म्हणून वाचला. ट्यूब गेली. सांगाडा नवा करून घेतला आणि गंजलेल्या हँडलचा दांडा उद्यमनगरात लेथवर नवा काढून आणला. तिथल्या मिस्त्रींनी, "हे कुठल्या पंपाचं?" म्हणून विचारलं. आता तेच हँडल गाळ्यात सगळ्यात भारी चालतं.

कॅसेट खरी की नकली, कसं ओळखायचं?

वरच्या चिठ्ठीवर जाऊ नका, ती कुणीही छापतो. स्क्रू काढा. खऱ्या कॅसेटमध्ये दोन बोर्ड असतात, एकावर ‘प्रोग’ आणि दुसऱ्यावर ‘चा’ या अक्षरांनी सुरू होणारे क्रमांक आणि एसएनकेचं नाव छापलेलं असतं. हातानं ओढलेल्या वायरी दिसल्या की समजून जा. विकणारा उघडू देत नसेल तर व्यवहार तिथंच सोडा.

चोरीचा गेम न वापरता घरी कसं खेळू?

सोपं झालंय. हॅमस्टर कंपनीची ‘एसीए निओ जिओ’ मालिका स्विच, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि मोबाइलवर आहे, त्यात जुने केओएफ आणि मेटल स्लग जसेच्या तसे मिळतात. संगणकावर स्टीम या ऑनलाइन दुकानातून केओएफ ‘९८ अल्टिमेट मॅच फायनल एडिशन’ घ्या, सेल लागला की घ्या. सायबर कॅफेत निओरेज-एक्स या, संगणकावर निओ जिओचे गेम चालवणाऱ्या प्रोग्रामवर फुकट खेळून आम्ही सगळे मोठे झालो, हे कुणी नाकारत नाही. पण आता नोकरी आहे, एका मिसळीच्या बिलात गेम येतो.

मुलाला पाठवलं तर चालेल का? अभ्यासाचं काय?

पाठवा, पण सोबत या. मारामारीचे गेम आहेत, ‘समुराई शोडाउन’मध्ये रक्तही आहे. लहानांना आम्ही त्यावर बसवत नाही. परीक्षेच्या दिवसांत दहावी-बारावीच्या पोरांना आम्हीच घरी पिटाळतो.

मुली येतात का?

येतात. सध्या ९८ मध्ये गाळ्यातलं सगळ्यात अवघड नाव एका ताईचं आहे, संघ किंग, माई आणि लिओना. हरवून दाखवा.

यायचं तर नियम काय?

जिंकला तो बसतो, हरला तो उठतो. लागोपाठ पाच जिंकलेल्यानंही उठायचं. ९८ मध्ये ओमेगा रुगाल बंद. ९७ मध्ये चिझुरू आणि दायमोन एकाच संघात नकोत. मशीनवर ग्लास ठेवायचा नाही. शिव्या कोल्हापुरी चालतात, पण आईबहिणीवरून नाहीत. शाहू स्टेडियमवर मोठा सामना असेल त्या रविवारी गाळा उघडत नाही, कारण किल्ली ज्याच्याकडं आहे तो गॅलरीत असतो.